पाच भाषांचा गायक व घरची बोली

गाण्याबजावण्याच्या नादी लागलेला मुलगा हातचा गेला, असा समज आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, व शिक्षणाचा एवढा प्रसार होऊनही तो अद्यापि मावळलेला नाही. पालकसभेच्या दिवशी आम्हांस दर वर्षी दोन तक्रारी हटकून ऐकावयास मिळतात. कोणी गृहस्थ म्हणतात, "सर, आमचे चिरंजीव रात्रंदिवस कानांत इअरफोन घालून इंग्रजी गाणी ऐकत असतात, त्यांना काही सांगा." त्यांच्या मागोमाग एखादी माता येऊन म्हणते, "सर, मुलीचे इंग्रजी उच्चार काही केल्या सुधारत नाहीत. घरी सासूबाई गावठी बोलतात, त्याचा परिणाम होतो." एका घरात इंग्रजीचा अतिरेक झाला म्हणून चिंता, तर दुसऱ्या घरात इंग्रजी पुरेसे नाही म्हणून चिंता! वरवर पाहता ह्या तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध दिसतात; परंतु दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, एक भाषा घरात शिरली म्हणजे दुसरीने उंबरठा ओलांडून बाहेर गेलेच पाहिजे.

ही समजूत खोटी आहे असे आमचे मत आहे, व त्या मताच्या पुष्ट्यर्थ आम्ही आज एका अशा मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्याचे नाव शालेय मासिकात पाहून कित्येक पालकांस आश्चर्य वाटेल. हा मनुष्य म्हणजे गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस. ते इंग्रजी, हिंदी, कोंकणी, पोर्तुगीज व फ्रेंच अशा पाच भाषांतून गीते रचतात व गातात. पॉप संगीत ह्या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्यात आपल्या देशात ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर नाव मिळविले अशा मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. कामोठ्याहून पनवेल गाठले म्हणजे जो महामार्ग दक्षिणेकडे वळतो, तोच पुढे त्यांच्या गोव्यात जातो. तेव्हा हे उदाहरण काही सातासमुद्रांपलीकडचे नव्हे.

त्यांचा जन्म 8 मे 1953 रोजी पणजीस झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगालचे राज्य होते. 19 डिसेंबर 1961 रोजी ते राज्य संपले, तेव्हा रेमो आठ वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात मूल अक्षरे गिरविते, त्या वयात ह्या मुलाच्या कानांवर राज्यकर्त्यांची पोर्तुगीज व लोकांची कोंकणी पडली, आणि थोड्याच दिवसांत शाळांतून इंग्रजीचे महत्त्व वाढले. गोव्यातील ख्रिस्ती घरांत संगीताची परंपरा जुनी आहे. तेथील चर्चच्या शाळांतून लहान मुलांस पाश्चात्य सूरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्या शिक्षणाचे ऋण आपल्या हिंदी चित्रपटांवर किती आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्याच परंपरेतून मुंबईस आलेले थोर व्हायोलिनवादक व संगीतशिक्षक. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गोवून ठेविले. पण लोक त्या विनोदी गाण्यावर हसले व तो मनुष्य मात्र अज्ञातच राहिला. असो.

शाळेत असतानाच मित्रांबरोबर वाद्यवृंद काढण्याची हौस रेमोंस लागली. येथे सामान्य पालकाच्या छातीत धस्स होते. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. हा मुलगा मुंबईस आला व त्याने वास्तुशास्त्राची पदवी पूर्ण केली. आणि ती करीत असता मुंबईच्या वाद्यवृंदांतून गिटार वाजविणे व गाणे हेही चालू ठेविले. पुढील आयुष्यात त्यांनी घरे बांधण्याचा धंदा केला नाही हे खरे. तरी ती वर्षे फुकट गेली असे आम्हांस वाटत नाही. नकाशा काढावयास बसणाऱ्याला संपूर्ण इमारत आधी मनात उभी करावी लागते, व मग एक एक भिंत कागदावर आणावी लागते. ही सवय त्यांस पुढे किती उपयोगी पडली ते लवकरच दिसून येईल.

1977 पासून 1980 पर्यंत त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिका ह्या प्रदेशांत भ्रमण केले. हे भ्रमण श्रीमंताच्या सहलीसारखे नव्हते. रस्त्याच्या कडेला उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींस हात करून, मिळेल त्या वाहनाने पुढे जावयाचे असा तो प्रवास होता. निरनिराळ्या देशांच्या वादकांशी त्यांची गाठ पडली, त्यांच्याबरोबर त्यांनी कार्यक्रम केले, आणि 1979 साली पॅरिस येथे 'रॉक सिनर्जी' नावाची एक तबकडीही निघाली. पॅरिस म्हणजे फ्रेंच गीतांची राजधानी. तेथे आपली तबकडी निघाली, फ्रेंच भाषा जिभेवर आली, म्हणजे पंचविशी ओलांडलेल्या तरुणाने काय करावे? आपल्यापैकी शेकडा नव्वद जणांनी तेथेच बिऱ्हाड थाटले असते. रेमो मात्र गोव्यास परत आले, व बारदेश तालुक्यात शापोरा नदीच्या काठी असलेल्या शिवोली ह्या गावी त्यांनी आपल्या कामास प्रारंभ केला.

आता जो भाग आम्ही सांगणार आहो तो विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. त्या काळी गाणे लोकांपर्यंत पोहोचवावयाचे म्हणजे मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपनीची कृपा संपादन करावी लागे. स्वतः रचलेली इंग्रजी गाणी, तीही गोव्याच्या जीवनावर, घेऊन येणाऱ्या तरुणास अशी कृपा सहजी मिळत नसे. कंपन्यांचा हिशोब साधा होता: इंग्रजी ऐकणारा श्रोता विलायतेचीच तबकडी विकत घेणार, व देशी गाणे ऐकणाऱ्याला हिंदी चित्रपट पुरेसे आहेत. ह्या दोन दगडांच्या मध्ये जो सापडेल त्याने कोठे जावे? रेमोंनी घरीच एक लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र मांडले. ह्या यंत्रात एकाच फितीवर चार स्वतंत्र पट्ट्या असतात. पहिल्या पट्टीवर ताल धरावा, फीत मागे फिरवून तो ऐकता ऐकता दुसऱ्या पट्टीवर गिटार वाजवावी, पुन्हा फीत मागे आणून तिसरीवर बासरी, आणि शेवटी गळा. पट्ट्या अपुऱ्या पडल्या तर आधीच्या तीन एकत्र करून एका पट्टीवर उतरवाव्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढील काम करावे. मात्र एकदा एकत्र केलेले सूर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून शेवटी सर्व मिळून कसे ऐकू येईल ह्याचा आराखडा पहिला ठोका मारण्यापूर्वीच मनात तयार असावा लागतो. वास्तुशास्त्राचे शिक्षण वाया गेले नाही असे जे आम्ही म्हटले त्याचा अर्थ आता ध्यानात आला असेल.

अशा रीतीने 1984 साली 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत तयार झाली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, वादन त्यांचे, गायनही त्यांचेच. एवढ्यानेही काम संपले नाही. फिती तयार झाल्या म्हणजे त्या स्कूटरवर घालून गोव्याच्या दुकानादुकानांतून स्वतः नेऊन द्यावयाच्या, व पुढल्या फेरीत किती खपल्या ते विचारून पैसे आणावयाचे. युरोप पाहून आलेल्या पदवीधराने फेरीवाल्यासारखे गावोगाव फिरावे ह्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. दुसऱ्याच वर्षी, 1985 साली, 'ओल्ड गोअन गोल्ड' निघाली. तीत त्यांनी जुन्या गोव्याची परंपरागत गीते नव्या वाद्यांच्या साथीने गायिली. लग्नसमारंभात वडीलधारी माणसे जी गीते म्हणत व जी तरुण पिढी हळूहळू विसरत चालली होती, ती अशा रीतीने पुन्हा तिच्या कानांवर पडली. आमच्या मते त्यांच्या सर्व कामगिरीत ह्या दोन फितींचे मोल सर्वांत अधिक आहे. पुढे आलेली कीर्ती ह्या पायावरच उभी राहिली.

ती कीर्ती थोडक्यात सांगून टाकू. श्याम बेनेगल ह्यांच्या 1985 च्या 'त्रिकाल' चित्रपटात ते आले. 1987 च्या 'जलवा' चित्रपटातील गाण्याने हिंदी प्रेक्षकांस त्यांचा आवाज परिचित झाला. 1995 साली 'बॉम्बे' चित्रपटातील 'हम्मा हम्मा' तर रस्तोरस्ती वाजले. मध्यंतरी मुंबईच्या कंपनीने त्यांच्या इंग्रजी गाण्यांच्या फितीही काढल्या. त्यांपैकी 1986 च्या 'पॅक दॅट स्मॅक' ह्या फितीचे नावच अमली पदार्थ टाकून द्या असे बजावणारे होते. 2007 साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली, व 2021 साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आमच्या विद्यार्थ्यांस 'हम्मा हम्मा' तेवढे ठाऊक असते, आणि त्या गाण्याची चाल तर रहमान ह्यांची आहे! गड चढून गेलेल्याने शिखरावरील झेंडा तेवढा पाहावा व पायथ्याची तटबंदी पाहूच नये, तसाच हा प्रकार.

एक प्रसंग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. राजीव गांधी पंतप्रधान असताना (1984 ते 1989) गोव्यात त्यांच्यासमोर गाण्याची संधी रेमोंस मिळाली. अशा वेळी मानकऱ्यांची स्तुती करावी ही आपली जुनी रीत. ह्या गायकाने त्यांना उद्देशून रचलेले गाणे म्हटले, व त्यात गोव्याच्या कारभाराविषयी लोकांच्या मनात जे होते ते स्पष्टपणे ऐकविले. स्थानिक पुढाऱ्यांत खळबळ उडाली, वर्तमानपत्रांतून टीका झाली. परंतु खुद्द पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्राने कळविले. ज्याला आपल्या गावाचे दुःख ठाऊक आहे तोच असे गाणे रचू शकतो. पॅरिसला राहून ते सुचले नसते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, एवढे भाषांचे पीक काढणाऱ्याची खरी भाषा कोणती? पाचही भाषा अर्ध्यामुर्ध्या तर नाहीत ना? ह्या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस फ्रेंच बोलणारीच दुसरी एक गायिका आठवते. तिचे 'टायटॅनिक' चित्रपटातील गाणे (1997) आमच्या नववी-दहावीच्या मुलींस तोंडपाठ आहे. परंतु ती मुळात इंग्रजी बोलणारी नव्हे हे त्यांपैकी किती जणींस माहीत आहे? कॅनडातील क्विबेक प्रांतात शार्लमाञ नावाच्या लहानशा गावी 1968 साली सेलिन डिऑन ह्यांचा जन्म झाला. चौदा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. घर साधे, घरची भाषा फ्रेंच. त्यांचे पहिले गाणे त्यांच्या आईने व भावाने मिळून घरीच रचले, व ते 1981 साली प्रसिद्ध झाले. चोहोंकडे इंग्रजीचा समुद्र व मध्ये फ्रेंच भाषेचे बेट, अशी त्या प्रांताची स्थिती आहे. तेथील लोकांनी ते बेट नुसत्या अभिमानाने राखिले नाही, तर नियम करून राखिले. 1977 साली प्रांताच्या कारभारात, धंद्यात व शाळांत फ्रेंचला अग्रस्थान देणारा कायदा झाला. आणि कॅनडातील फ्रेंच रेडिओ-केंद्रांवर लावावयाच्या लोकप्रिय गाण्यांपैकी शेकडा 65 फ्रेंच असावीत असे बंधन आहे.

सेलिन डिऑन पुढे इंग्रजी शिकल्या, व 1990 साली त्यांचा पहिला इंग्रजी गीतसंग्रह निघाला. तेव्हा क्विबेकच्या संगीत-पारितोषिकांत त्यांस वर्षातील उत्कृष्ट इंग्रजी कलावंत ठरविण्यात आले. त्यांनी भर समारंभात ते पारितोषिक नाकारिले. आपण इंग्रजी गातो म्हणून इंग्रजी कलावंत ठरत नाही असे त्यांचे म्हणणे. पुढे 1995 साली त्यांनी जो संपूर्ण फ्रेंच गीतसंग्रह काढिला तो फ्रेंच भाषेतील सर्वाधिक खपाचा संग्रह ठरला. म्हणजे इंग्रजीने त्यांची फ्रेंच बुडविली नाही. उलट इंग्रजीमुळे मिळालेले नाव त्यांनी फ्रेंचच्या कामी लाविले. स्नायू ताठर करणारा दुर्धर विकार जडल्याचे त्यांनी 2022 साली जाहीर केले, व त्यांचे जाहीर गायन थांबले. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिक उद्‌घाटनास आयफेल मनोऱ्यावरून त्या पुन्हा गायिल्या तेव्हा त्यांनी कोणत्या भाषेत गाइले हे सांगावयास नकोच.

रेमोंच्या बाबतीत हिशोब थोडा गुंतागुंतीचा आहे हे आम्ही कबूल करितो. त्यांची बहुतेक गाजलेली स्वतःची गाणी इंग्रजीत आहेत, कोंकणीत नव्हेत. शिवाय गेल्या काही वर्षांत त्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व स्वीकारिले, त्यावरून गोव्यात पुष्कळ वाद झाला. पद्मश्री मिळालेल्या मनुष्याने असे करावे काय, असे विचारणाऱ्यांचा राग आम्हांस समजतो. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालचा कायदा ही सवलत देतो, व हजारो गोवेकरांनी पोटापाण्यासाठी तिचा लाभ घेतला आहे. एकट्या गायकासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. तथापि हा निर्णय आम्हांस रुचला असेही नाही. माणसाचे काम व त्याचे पारपत्र ह्या दोन वस्तू वेगळ्या आहेत, व आम्ही येथे त्याच्या कामाविषयी लिहीत आहो. इंग्रजीत गाऊनही त्यांनी गाइले ते गोवाच, आणि जेव्हा पूर्वजांचे गाणे गावयाचे तेव्हा ते त्यांनी पूर्वजांच्याच भाषेत गाइले. कोणती भाषा कोणत्या कामास, ह्याचा विवेक त्यांजपाशी होता. तोच नसेल तर पाच काय, पंधरा भाषा आल्या तरी त्यांचा उपयोग पोपटपंचीपलीकडे होत नाही.

आता आपल्या कामोठ्याकडे वळू. नव्या मुंबईची आखणी होण्यापूर्वी येथे भातशेती व खाडी होती, आणि मूळ वस्ती आगरी लोकांची होती. आता येथे सातारकर आहेत, तळकोकणातले आहेत, उत्तरेकडचे व केरळचे लोकही आहेत. एकेका वर्गात पाच-सहा मातृभाषांची मुले शेजारी शेजारी बसतात. रेमोंनी ज्यासाठी देशोदेशी पायपीट केली ते भांडवल आमच्या मुलांस बाकावर बसल्या बसल्या मिळाले आहे! परंतु त्याचे आम्ही काय करितो? मागील वर्षी आमच्या वर्गातील एका मुलीस न्यावयास तिच्या आजी फाटकाशी आल्या. आजींनी तिला आगरी बोलीत मोठ्याने हाक मारिली. मुलगी पुढे जाईना. मैत्रिणी निघून जाईपर्यंत ती पाणपोईच्या आड उभी राहिली, व मग खाली मान घालून आजींबरोबर चालू लागली. तिला दोष देण्याची आम्हांस इच्छा नाही. ही लाज तिला जन्मतः मिळालेली नाही. ती आपण मोठ्या माणसांनी, 'गावठी बोलू नकोस' असे शंभरदा बजावून, तिला शिकविलेली आहे.

आणि ही आजी कोण, हे त्या मुलीस कोणी सांगितले आहे काय? आगरी लग्नात पूर्वी धवलारीण असे. ही स्त्री लग्नविधीची गीते, ज्यांना धवले म्हणतात ती, पाठ म्हणे, व त्या गीतांच्या क्रमानेच एकामागून एक विधी पार पडत. पोथी नाही, लेखी टिपण नाही. सारा संस्कार एका बाईच्या स्मरणात व गळ्यात साठविलेला! विद्यापीठांतील अभ्यासक हे धवले टिपून घ्यावयास रायगड जिल्ह्यातील गावोगाव हिंडतात. आमच्या शाळेच्या दोनशे पावलांवर हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात व त्यांच्या गडगडाटात खिडक्यांच्या काचा थरथरतात. परंतु ज्या स्त्रियांस धवले येतात त्या त्याच मांडवाच्या कोपऱ्यात गप्प बसलेल्या असतात. नव्या वाद्यांस आमचा विरोध नाही. रेमोंच्या फितीतही नवी वाद्ये होतीच. त्यांनी त्या वाद्यांच्या साथीने आजीचे गाणे म्हटले. आपण त्यांच्या आवाजाखाली ते पुरून टाकीत आहो, एवढाच फरक.

ध्वनिमुद्रणाची अडचण आहे असेही आता कोणी म्हणू शकत नाही. शिवोलीच्या त्या घरात जे यंत्र मोठ्या प्रयासाने मांडावे लागले, त्याहून अधिक पट्ट्या देणारी सोय पालकांच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. ज्या मुलाच्या कानांतून इअरफोन निघत नाहीत अशी वडिलांची तक्रार आहे, त्याच मुलाच्या हाती ते यंत्र देऊन आजीसमोर बसवावे. पालकांनी त्यास इंग्रजी गाणी ऐकू द्यावी. ती कशी बांधली आहेत, ताल कोठे बदलतो, दुसरा आवाज कोठे मिसळतो, हेही त्याला शोधू द्यावे. मात्र महिन्यातून एक गाणे त्याने घरातून गोळा करावे. दहावीच्या गुणांवर ह्याचा विपरीत परिणाम होईल अशी भीती ज्यांस वाटते, त्यांनी वास्तुशास्त्राच्या पदवीची गोष्ट पुन्हा एकदा वाचावी.

ह्या लेखाच्या निमित्ताने आम्ही स्नेहसंमेलन समितीपुढे एक सूचना ठेविली आहे. आजवर गायनस्पर्धेत मराठी, हिंदी व इंग्रजी असे तीनच विभाग असत. यंदा त्यांत 'घरची बोली' हा चौथा विभाग असावा. आगरी, मालवणी, कोंकणी, अहिराणी, भोजपुरी, मल्याळम, जी भाषा घरात बोलली जाते तीत गाणे म्हणावे. ते कोणाकडून शिकले त्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे नाव अर्जात लिहावे, आणि शक्य तर त्या व्यक्तीने विद्यार्थ्याबरोबर रंगमंचावर बसावे. गीताचे शब्द देवनागरीत सुवाच्य अक्षरांत उतरवून, कठीण शब्दांचे अर्थ समासात देऊन, दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्यावयाचे आहेत. समितीने अद्याप होकार दिलेला नाही. वेळ अपुरा पडेल असे कित्येक सभासदांचे म्हणणे आहे. परंतु ही सूचना आम्ही वर्गात बोलून दाखविली तेव्हापासून नऊ अर्ज आमच्या टेबलावर येऊन पडले आहेत, व त्यांपैकी चार धवल्यांचे आहेत.